विहिरीवरची गणती

दर मे महिन्यात पुण्याच्या ज्यू समाजाच्या केंद्रातली पोरं शिबिराला खुटबावात येत्यात आन् माझ्या विहिरीत मी त्यांना पोहायला शिकवतो. त्यांचे मास्तर काठावर बसत्यात. इस्तरीची पँट, डोक्याला चिकटलेली गोल टोपी. पोहता येत न्हाई, म्हणून पाण्यात उतरत न्हाईत. पोरं वर आली की बोट दाखवत मोजत्यात, "नाही एक, नाही दोन, नाही तीन."

मी म्हणलं, "मास्तर, सरळ मोजा की!"

"आबा, आमच्यात माणसं मोजत नाहीत. दृष्ट लागते."

मी हसलो न्हाई. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला मीबी 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात एक पोर कमी भरलं. मास्तर परत मोजत बसले न्हाईत. चष्म्यासकट त्यांनी विहिरीत उडी टाकली. मागनं मी उडी घेऊन त्यांची कॉलर धरली. वर बघतो तर हरवलेली पोरगी काठावर चिंचा खात उभी!

"सर, आबा तुम्हाला पण शिकवतायत का?"

मास्तर निथळत वर आले, पण रागावले न्हाईत. सगळ्यांना रांगेत बसवून पहिल्यापासनं मोजलं. शेवटचं पोर झालं, तवा ओलं बोट माझ्याकडं करून पुढचा आकडा म्हणले.

मी कुणाच्या गणतीत बसणारा माणूस न्हाई. भावकीच्याबी बसलो न्हाई. यंदा मात्र पोरांच्या रांगेत शेवटाला आपनहून बसतो. मास्तर विसरले, तर खाकरतो.