गोणीवर बसणाऱ्या शांताबाई

एखादं काम पटलं नाही, तर शांताबाई वाद घालत नसत. सरळ युरियाच्या गोणीवर जाऊन बसत आणि मिश्री लावायला घेत. पहिल्याच हंगामात त्या अशा बसल्या होत्या, आणि गोणी माझी होती.

मी सातपूरच्या कारखान्यात लेथवर. चांदवडजवळची शेती वडिलांनंतर माझ्याकडे आली, म्हणजे मी रविवारचा शेतकरी. आईने स्पष्ट बजावलं होतं, "उन्हाळ कांदा दसऱ्यापर्यंत कांदाचाळीत टिकवून दाखव, नाहीतर जमीन वाट्याने कसायला देऊन टाकते." मला तर बांधावर उभं राहायला मिळालं तरी आठवडा सरायचा, म्हणून मी जिद्दीला पेटलो. लागणीपासून काढणीपर्यंतच्या कामाला मजूर बायांची टोळी ठरवली. शांताबाई तिच्या मुकादम.

लागणीला महिना झाला तसा एका रविवारी मी भर उन्हात युरिया फेकायला काढला. त्या आठवड्यात पंपाची वीज रात्रीची होती.

"मागं पाणी हाय का?" शांताबाईंनी विचारलं.

"नाही. पण माझी सुट्टी आजच आहे."

"सुट्टी तुमाला हाय भाऊ, कांद्याला नाय. कोरड्यात टाकला तर निम्मा वाऱ्यावर जाईल." आणि बसल्या गोणीवर. सोमवारी वीज दिवसाची झाली, तेव्हा त्यांनी युरिया टाकून लगेच हलकं पाणी दिलं. पंधरा दिवसांनी उरलेला हप्ता दिला आणि युरिया बंद म्हणून जाहीर केलं.

पुढे शेजाऱ्याचा कांदा माझ्यापेक्षा हिरवागार दिसू लागला. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण तिकडेच बघतोय असं मला वाटे. लागणीला अडीच महिने झाले होते, तरी मी नवी गोणी आणली. शांताबाई अर्थातच तिच्यावर बसल्या.

"युरिया म्हंजे पोराचा खाऊ. वाढायच्या वयात द्यावा. आता कांद्याची निजायची येळ झाली. आता दिला तर पात माजंल, मान जाड व्हईल, अन् मान मिटली नाय की चाळीत सडंल."

मी मान डोलावली. पुढच्या रविवारी त्यांची टोळी दुसरीकडे गेल्याचं पाहून गुपचूप युरिया फेकला. कंबर भरून आल्याने अर्ध्या शेतातच थांबलो, हे नशीब!

काढणीच्या वेळी शांताबाई एकेका कांद्याची मान चिमटीत दाबत होत्या.  जाड मानेचा एक आणि मिटलेल्या मानेचा एक, असे त्यांनी दोन ढीग केले आणि चाळीत मधोमध बारदानाचा पडदा बांधला.

गणपतीत माझ्या बाजूला नाकाला रुमाल लावून जावं लागत होतं. त्यांच्या बाजूचा कांदा मात्र दसऱ्यालाही टणक होता. सडका माल निवडायला त्या स्वतः बसल्या, पण मला एका शब्दाने टोचलं नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली. शेवटी आई चाळीत आली, तेव्हा तिला सगळं मीच सांगितलं.

आईने दोन्हीकडचा एकेक कांदा हातात घेतला. "निम्मा सडला. ठरल्याप्रमाणे जमीन वाट्याने द्यायची."

माझा चेहरा पडला. "कुणाला?"

"शांताबाईला."

शांताबाईंनी पदराने हात पुसले, आईकडे बघून होकारार्थी मान हलवली आणि मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, रविवारी येत जा. निंदायला माणूस कमी पडतंय."

तेव्हापासून एकही रविवार मी चुकवलेला नाही.