भांडणाऱ्या डॉक्टरांची कादंबरी

मुलांनो, आमच्या गोडादरा वस्तीत माझ्या फेरीच्या वाटेवर एका ओट्यावर बायका साड्यांना खडे चिकटवत बसतात. त्यांच्यातली एक मोठ्याने कादंबरी वाचते आणि तिच्या वाटणीचे खडे बाकीच्या लावतात. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिने चष्मा कपाळावर चढवला की समजावं, आता मत येणार.

परवाच्या कादंबरीतले दोन डॉक्टर भांडता भांडता प्रेमात पडले.

"असल्या भांडखोराशी कोण लगीन करेल?" एक म्हणाली.

"मी केलंय ना!" दुसरी म्हणाली.

मी कादंबरी सुमार आहे म्हणून सांगितलं. वाचणारीने चष्मा वर चढवला.

"आजी, माझ्या लेकीला बघायला आलेला मुलगा सगळ्याला हो म्हणतो. खरा कसा आहे, कळणार कसं? रविवारी तो परत येतोय. दोघांना हीच गोष्ट सांगते."

सोमवारी मी मुद्दाम थांबले. "काय झालं?"

"चहा गार होईपर्यंत भांडले! तो डॉक्टरणीच्या बाजूने, ही डॉक्टरच्या."

"मग?"

"लेक म्हणाली, याच्याशी भांडता येतं, हा चालेल."

कादंबरीविषयी माझं मत बदललेलं नाही. तिने पुढे केलेला पेढा मात्र मी आनंदाने घेतला.