न कापलेली पानं

जगातला सर्वांत सावकाश वाचणारा माणूस आमच्या पुण्यात, बुधवार पेठेत राहत होता, आणि याबद्दल मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. मी एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. आठवड्याला तीन-चारशे पानं माझ्या डोळ्यांखालून जायची आणि रविवारी दुपारी त्यांतली एक ओळ आठवेल तर शपथ. आमच्या बाइंडरकाकांची मात्र पंचवीस-सव्वीस वर्षांत एका पुस्तकाची नऊ पानं वाचून झाली होती, आणि ती नऊ पानं त्यांना अशी काही लागली होती, की आख्खी गल्ली त्यांच्यामुळे थोडी बदलली. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला अजूनही थोडं दबकायला होतं.

काकांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. तिथं पंचांगं, पोथ्या, शाळेची पुस्तकं, वकिलांच्या फायली असं सगळं बांधायला यायचं. जवळच्या अत्तरवाल्या चाचांनी कुराण आणून दिलं, तर काका हात धुऊन मगच ते घ्यायचे, आणि पोथीलाही तोच नियम. गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याची पद्धत आमच्या गावात नाहीच, काकांनी ती नव्याने सुरू केली नाही. कुणी "आजच्या आज पाहिजे" म्हणालं, की ते वर न बघता म्हणायचे, "घाई असेल तर समोरच्यांकडे द्या. वाईट करतात, पण लवकर करतात." देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी हे दुकान थाटलं, तेव्हा कुठल्याशा छापखान्यातून ख्रिस्ती शुभवर्तमानाचे सुटे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले ताव, उरलेले मिळाले. ते त्यांनी स्वतःसाठी बांधले, उत्तम कापडी पुठ्ठ्यात बांधले, पण कडा कापल्याच नाहीत. छापील कागदाची घडी तशीच राहिली. पुढचं पान वाचायचं तर हाडाच्या पट्टीनं घडी कापायची. आणि काकांचा नियम असा, की कापलेलं पान अंगात मुरल्याशिवाय पुढचं कापायचं नाही.

पहिल्याच पानावर नुसती नावं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका. दुसरा कुणी असता तर ते पान बोटाला थुंकी लावून उलटून गेला असता. नावांचं काय आचरणार? काकांनी ठरवलं, की देवाला एवढ्या माणसांची नावं माहीत आहेत तर आपल्याला निदान गल्लीतल्यांची असावीत. दोन वर्षं ते प्रत्येकाला बापाचं, आज्याचं नाव विचारत हिंडले. माझ्या पणजोबांचं नाव मला त्यांच्याकडून कळलं. पुढे भांडणं मिटवणाऱ्यांविषयी एक ओळ आली. तेव्हा दोन दुकानदारांत फळीवरून जुंपली होती, काका मध्ये पडले आणि कपाळावर छत्री बसली. तीन टाके पडले. पट्टी बांधलेल्या डोक्यानं त्यांनी त्या संध्याकाळी पुढचं पान कापलं, आणि त्या दोघा दुकानदारांना चहाला बोलावलं. पण सगळ्यांत अवघड गेलं ते भाऊबंदांना मूर्ख न म्हणण्याचं पान. पुण्यात राहून, दुकान चालवून, कुणालाही मूर्ख न म्हणता वर्ष काढणं म्हणजे खेळ नव्हे. त्या वर्षी काका बारीक झाले होते.

चर्चमध्ये त्यांची पंचाईत वेगळी होती. पाळकसाहेब कधी पुढचा भाग वाचायला लागले, की काका उठून बाहेर चिंचेखाली जाऊन उभे राहायचे. "माझं अजून तिथवर आलेलं नाही," असं सांगायचे. पेपर फुटल्यावर प्रामाणिक विद्यार्थ्याचं व्हावं तसं त्यांचं तोंड व्हायचं. काकूंनी सबंध शास्त्र सहा वेळा वाचलं होतं. "मला शेवट ठाऊक आहे हो," त्या मला म्हणायच्या, "पण या घरात बोलायची सोय नाही."

नवव्या पानावर मात्र काका अडकले. तिथं एक ओळ होती. तिचा मतलब असा, की वेदीपाशी देवाला काही द्यायला आलास आणि भावाशी बिनसल्याचं आठवलं, तर आणलेली वस्तू तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दे. काकांचा धाकटा भाऊ लोणी काळभोरला शेती करायचा. आई त्याच्याकडे होती. ती गेली तेव्हा भावानं संध्याकाळच्या आत माती दिली, आणि काकांना बातमी तिसऱ्या दिवशी एका भाजीवाल्याकडून कळली. तेव्हापासून बोलणं बंद. नऊ पानांतला हा शेवटचा घास काकांच्या घशाखाली उतरेना. अकरा वर्षं उतरला नाही.

आणि त्यांनी प्रयत्न केला नाही असं नव्हे. दर वर्षी कापणीच्या सणाला लोक चर्चमध्ये शेतातलं, परसातलं काही आणतात. काका आपल्या कौलांवर चढवलेल्या वेलाचा दुधी आणायचे, वेदीच्या पायरीवर ठेवायचे, आणि उपासना चालू असतानाच वळून बाहेर पडायचे. सायकल काढायची आणि सोलापूर रस्त्याला लागायचं. पहिल्या वर्षी पुलगेटपासून परतले. नंतर हडपसर. मग मांजरीचा फाटा. तिथं दगडावर बसायचे आणि आईची माती आठवली की उठून सायकल उलटी फिरवायचे. इकडे काकू दुपारपर्यंत वाट बघून पायरीवरचा दुधी पिशवीत घालून घरी न्यायच्या. त्या संध्याकाळी गल्लीत दुधीच्या भाजीचा वास आला, की आम्ही समजायचो, यंदाही पान उलटलं नाही.

मग काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सायकल सुटली, सुई-दोरा सुटला, आणि पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसणं आलं. सणाच्या आदल्या दिवशी मी दुकानात डोकावलो तर म्हणाले, "तुमचा धंदाच वाचायचा आहे. ही ओळ वाचा जरा." मी वाचली. प्रुफं तपासणारा माणूस जसा वाचतो तशी, रस न घेता, शब्दाला शब्द लावत.

"पुन्हा."

पुन्हा वाचली.

"थांबा. कुणाचा कुणावर राग आहे तिथं?"

"भावाचा," मी म्हणालो. "भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे असं आठवलं तर, असं आहे. तुमच्या मनात त्याच्याविषयी काय आहे, ते इथं विचारलेलंच नाही."

काकांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाले, "अकरा वर्षं मी उलटं वाचत होतो." "आई गेली तेव्हा जून होता. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम. आईनं दोनदा निरोप धाडला होता, येऊन जा म्हणून. मी कळवलं, हंगाम संपला की येतो. धाकटा रागावणार नाही तर काय करेल?"

मला तेव्हा बिबवेवाडीची माझी बहीण आठवली. लग्नातल्या मानपानावरून आम्ही सहा वर्षं बोललो नव्हतो. पण ते मी तेव्हा मनातच ठेवलं, काकूंना सांगितलं ते पुढे बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुधी पायरीवर ठेवला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. मांजरीच्या फाट्यावर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, पण थांबा म्हणाले नाहीत. लोणीत भाऊ अंगणात कांद्याची पात निवडत बसला होता. त्यानं वर बघितलं.

"आलास व्हय, दादा? लई येळ लावलास."

"वाचायला वेळ लागला," काका म्हणाले. मग हात जोडून म्हणाले, "आईनं बोलावलं, मी आलो नाही. तुझा राग खरा होता."

भाऊ उठून जवळ आला. "म्या बी माणूस धाडाया पायजे हुता," एवढंच बोलला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. त्याची बायको आतून भाकरीची टोपली घेऊन आली. म्हणाली, "जेवूनच जायाचं. तुमच्या वाटणीची हाय ही. दरसाली या दिशी जादा टाकतोय आमी. फाट्यापतुर येऊन माघारी जातासा, ते गावात समद्यांना ठावं हाय." मी असा आळणी माणूस, पण त्या दिवशी मीही त्या टोपलीतली एक भाकरी मागून घेतली. जेवणानंतर दोघे भाऊ आईच्या मातीवर जाऊन आले.

काकांना तिथं राहायचा आग्रह झाला, पण त्यांनी ऐकलं नाही. अजून दुधी द्यायचा राहिला होता. आम्ही चर्चमध्ये पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता, सगळे घरी गेले होते, आणि पहिल्या बाकावर काकू एकट्या बसल्या होत्या. दुधी पायरीवर तसाच. "शिपाई दोनदा उचलायला आला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, हात लावू नकोस, तो अजून दिलेला नाही." काकांनी चाचपडत दुधी उचलला आणि वेदीवर ठेवला. मी देवाधर्मातला माणूस नाही, पण तेव्हा चपला काढून उभा होतो.

त्या संध्याकाळी दहावं पान कापलं गेलं. काकू रोज ते वाचून दाखवायच्या. पण डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधीच काकांची छाती भरली. शेवटच्या दिवसांत काकूंनी त्यांना विचारलं, "अहो, पुढं काय होतं ते आता तरी सांगू का?"

"नको," काका म्हणाले. "आता तिकडं जाऊनच बघतो."

परवा काकूंकडे गेलो होतो. पुस्तक फळीवर आहे, पुठ्ठा अजून पक्का आहे, आणि दहाव्या पानात हाडाची पट्टी तशीच आहे. काकूंनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "कापता का पुढचं? तुमच्याइतकं कोण वाचतं!"

"नको," मी म्हणालो. "माझं अजून नववंच व्हायचंय."

त्यांनी एक दुधी पिशवीत घालून माझ्या हाती दिला. बिबवेवाडीला जाताना घेऊन जा, म्हणाल्या.