एसीतली फळी

किस्से गोळा करायचे असतील तर माणसाने गप्प राहावं. मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला, अंबरपेठच्या घरात आले, तेव्हा नवी सून म्हणून गप्पच होते. वर्षभरात ढीग जमला. त्यातले निम्मे किस्से एका फळीचे आहेत.

नीरज, म्हणजे माझा नवरा, लग्नाआधी कंपनीतर्फे कॅलिफोर्नियाला ऑनसाइट जाऊन आलेला. तेव्हा ऑनसाइटहून लोक चॉकलेटं आणायचे, परफ्यूम आणायचे. नीरजने छंद आणला. लांब फळीवर उभं राहायचं आणि वल्हं मारत पाण्यावरून फिरायचं. पॅडल बोर्ड. तो म्हणे स्वतःच्या हातांनी बनवण्यात मजा आहे. हैदराबादला समुद्र कुठाय, हे मी विचारलं नाही. नवीन होते.

*

आत थर्माकोल, वर फायबर ग्लासचं कापड, त्यावर रेझिन आणि रेझिनमध्येच रंग. कृती एवढीच. रेझिन आणायला नामपल्लीच्या एका दुकानात गेलो.

"टंकी बनारें क्या साब?" दुकानदाराने विचारलं.

नीरजने दुकानातच उभं राहून वल्हं मारून दाखवलं.

"तो बैठने में क्या तकलीफ है?"

याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

*

सासूबाईंची खोबऱ्याची किसणी घेऊन नीरज आणि त्याचा ऑफिसातला मित्र सुधाकर यांनी गच्चीवर थर्माकोल घासून छान आकार दिला. मग सुधाकरने टाकीवालं रेझिन ओतलं. थर्माकोल विरघळायला लागला. बघता बघता मधोमध भोक पडलं आणि खालची फरशी दिसली. दोघंही इंजिनीयर. दोघंही भोकाकडे बघत उभे.

सासूबाई दोरीवरचे कपडे काढायला वर आल्या होत्या. "माझी किसणी तरी धड आहे का?"

"आँटी, ये तो सिर्फ प्रूफ ऑफ कॉन्सेप्ट था," सुधाकर म्हणाला.

*

दुसऱ्या खेपेला इपॉक्सी आणलं. ते थर्माकोल खात नाही. पण मे महिना. ते घट्ट करणारा हार्डनर मिसळला तसा बादलीतून धूर निघाला, आणि ब्रश बादलीत उभा राहिला तो कायमचाच. अण्णा, म्हणजे माझे सासरे, ती बादली आजही गेटला अडसर म्हणून लावतात.

"टेंपरेचर कंट्रोल पाहिजे," नीरज म्हणाला.

घरात एसी एकच. आमच्या खोलीत. संध्याकाळपर्यंत आमचा पलंग भिंतीला उभा झाला, मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेल्या लाकडी घोड्यांवर नवी फळी चढली, नीरज गच्चीवर झोपायला गेला आणि मी उशी घेऊन खाली सासूबाईंच्या शेजारी.

"फक्त वाळेपर्यंत," तो म्हणाला.

*

रंग पॅसिफिक निळा ठरला होता. पहिलं घमेलं नीरजने मोजून कालवलं. ते अर्ध्यात संपलं. दुसरं सुधाकरने अंदाजाने कालवलं. पुढची अर्धी फळी निळी, मागची शेवाळी.

"याला कलर फेड म्हणतात," नीरजने अण्णांना समजावलं. "तिकडे मुद्दाम करतात."

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "इकडे याला रंग पुरला नाही म्हणतात."

*

मग घासकाम. काचेची बारीक धूळ घरभर गेली, वाळत घातलेल्या कपड्यांत बसली. सगळं घर खाजवायला लागलं. सुधाकर तर क्लायंटच्या व्हिडिओ कॉलवर मान, पाठ, काखा खाजवत बसला. क्लायंटने काळजीने विचारलं, "तुम्हाला डेडलाइन जमत नाहीये का?" आणि मुदत वाढवून दिली.

या सगळ्या उद्योगातून कुणाला काही मिळालं असेल तर एवढंच. मी मात्र अजून खालीच झोपत होते.

*

शेवटी शहराबाहेरच्या तलावावर मुहूर्त झाला. सासूबाईंनी नारळ फोडला. फळी तरंगली. नीरज उभा राहिला, आणि सुधाकर फोटो काढेपर्यंत आडवा झाला. फळी एकटीच डौलात पुढे गेली.

मी मनातल्या मनात चादरी बदलत होते. झालं एकदाचं. आता ही गच्चीवर, मी वर.

"गच्चीवर?" घरी येताना नीरज दचकलाच. "उन्हात आतली हवा फुगेल. कापड सुटेल. तिला एसीच लागणार."

घोडे मंडपवाल्याला परत गेले होते. म्हणून मग पलंग आडवा केला, त्यावर माझ्या माहेरची चादर घातली आणि वर फळी ठेवली.

*

दिलसुखनगरच्या मावशी, म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, रविवारी जेवायला आल्या. मी वाढत होते. भाताशी आल्यावर मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं,

"काय गं सूनबाई, वरीस व्हायलंय की आता. काही बातमी?"

नीरज आमटीत बघायला लागला. सासूबाई माझ्याकडे. त्या घरात मी तोवर विचारल्याशिवाय बोलले नव्हते. पण आता विचारलंच होतं.

"आहे ना, मावशी," मी त्यांना तूप वाढत म्हटलं. "साडेदहा फूट आहे. वर एसीत झोपवलीय."

मावशींचा घास हातातच राहिला.

अण्णांनी ताक संपवलं, हात धुतले, पंच्याला पुसले आणि जिन्याशी जाऊन उभे राहिले.

"नीरज, ऊठ. एक टोक तू धर."