कुंपणापाशी हरवलेला वाळा

गंजलेल्या तारेचा वास हाताला लागला की मला धुळ्याजवळचं ते हरभऱ्याचं शेत आठवतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पाणीयोजनेच्या कामासाठी जमिनीत गाडली गेलेली नळाची लोखंडी झाकणं शोधायचं, कुठल्याही धातूवर वाजणारं यंत्र माझ्याकडे असायचं, म्हणून ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बोलावलं. त्यांच्या सुनेचं तान्हं बाळ त्या पावसाळ्यात गेलं होतं. बाळाचा चांदीचा वाळा ती पदराच्या गाठीत जपायची, आणि तो काटेरी तारेच्या कुंपणापाशी गवत कापताना पडला होता. मी यंत्र फिरवू लागलो, पण तारेजवळ नेलं की ते सारखंच कोकलायचं. त्यात वाळा कुठला कळणार? "आबा, तार काढल्याशिवाय जमायचं नाही," मी म्हणालो. शेजारच्या पडीक रानात गावची गुरं चरत होती आणि हरभरा घाट्यांवर आला होता. सून घाईने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा, पीक जाई." "पीक पुढला साल बी येई," म्हणत आबांनी पक्कड घेतली आणि लाकडी खांबांवरची तार सोडवून दूर नेऊन टाकली, आणि स्वतः गुरं अडवायला उभे राहिले. मग बांधाच्या कडेला यंत्र बारीक आवाजात वाजलं. सुनेने बोटांनीच माती उकरली, वाळा काढला आणि कानाशी नेऊन हलवला. घुंगरांत माती भरली होती, तरी एक वाजलं. ती तिथेच बसून मोठ्याने रडली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच, असं मला नंतर कळलं. आबा आमच्याकडे पाठ करून गुरं हाकत राहिले. गुरं तर केव्हाच लांब गेली होती. त्यांचा तो हाकारा मला अजून ऐकू येतो.