सुमतीताईंचा तिसरा मुलगा

बारा सीझन चाललेल्या सिरीयलमध्ये काम केलं की किस्से स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. एक काढायला जावं तर दहा अंगावर पडतात! इथे विलायतेत, वॉटफर्डजवळच्या स्टुडिओत मी कंटिन्युइटी बघते. आधीच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात असेल तर पुढच्यातही तो डाव्याच हातात हवा, हे पाहणं माझं काम. या सीझनला मात्र प्रोड्यूसरपासून मेकअपपर्यंत सगळेच नवे. कपाचं सोडा, माणसंच जागेवर राहीनात!

*

आमच्या सिरीयलमध्ये एक मराठी कुटुंब आहे. त्यातली आई म्हणजे सुमतीताई, वेम्बलीच्या रिटायर्ड नर्स. नवरा गेल्यावर घर खायला उठलं म्हणून ऑडिशनला आल्या आणि नऊ वर्षं रमल्या.

त्यांचा सिरीयलमधला मुलगा दोनदा बदलला. तिसरा आला तो आधीच्यापेक्षा वीतभर उंच! सुमतीताई मान वर करून बघतच राहिल्या.

"अगं, याला मी खायला काय घातलं?"

हा मुलगा कॉव्हेंट्रीत जन्मलेला. पहिल्याच सीनला म्हणाला, "आई, तू दमला का?" मी सुधारलं. दुसऱ्या टेकला, "आई, तू दमले का?" सातव्या टेकला सुमतीताई म्हणाल्या, "राहू दे गं. आता मी खरंच दमला!"

*

कॉस्च्यूमच्या नव्या बाईंनी सुमतीताईंच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं. मी धावत गेले.

"अहो, हिचा नवरा चौथ्या सीझनमध्ये गेला!" घाईत इंग्रजीतही तसंच बोलून गेले, "ही हॅज गॉन."

बाईंनी शांतपणे वही उघडली. "ओके. परत कधी येतोय?"

*

मराठी वाक्यांची सबटायटल्सही मीच करते. सुमतीताई मुलाला "गप रे मेल्या" म्हणाल्या, त्याचं मी "ओह, स्टॉप इट" केलं. नव्या प्रोड्यूसरनं 'मेल्या'चा अर्थ विचारला. मी सांगितला.

"मग सबटायटलमध्ये 'डेड' कुठे आहे? मला शब्दशः हवं. तुझं इंटरप्रिटेशन नको."

वर तशी ईमेलही आली. असा संताप झाला म्हणून सांगू!

*

मग प्रोड्यूसरनं ठरवलं, सिरीयल 'फ्रेश' करायची. म्हणजे सुमतीताईंना काढायचं. आई बॅग घेऊन कायमची पुण्याला जाते, विषय संपला.

मेकअपच्या खुर्चीत सुमतीताईंनी मला विचारलं, "आता रोज सकाळी उठून मी करू काय गं?"

स्क्रिप्टमध्ये शेवटचं वाक्य होतं, "मी जाते." सुमतीताई अडून बसल्या. "दारातून निघताना 'जाते' म्हणू? अभद्र कुठलं! मी नाही म्हणणार."

कॅमेरा सुरू झाला. त्यांनी बॅग उचलली, उंबऱ्यात वळल्या, डोळे भरून आले. म्हणाल्या, "येते हं."

नवा डायरेक्टर हेलावला. मी जागेवर जाऊन सबटायटल टाइप केलं. शब्दशः. "आय ॲम कमिंग."

एपिसोड लागला आणि दोन दिवसांत प्रोड्यूसरचा फोन.

"ती कधी येतेय म्हणून लोक आम्हाला भंडावून सोडतायत! चॅनेलही विचारतंय! हे सबटायटल काय आहे?"

"तुमची ईमेल पुन्हा पाठवू का?" मी विचारलं.

पुढच्या सीझनच्या कलाकारांची यादी आली तेव्हा मीच सुमतीताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, तुमचं नाव आहे."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "बरं. मुलगा तोच आहे ना?"

मी यादीतली पुढची ओळ पुन्हा वाचली.

"अगं, बोल की. उंची किती?"