दोन्ही हात मोकळे

भोकरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आनंदराज हमालांचा मुकादम होता. काय तो आवाज! त्यानं या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा हमाल पोतं पाठीवर घेऊनच वळायचा. अशा माणसाला पोरगी झाली, ती जन्मापासून ठार बहिरी. महामाया तिचं नाव. पण रडत बसायचा आनंदराजचा पिंड नव्हता. त्यानं तिला लातूरला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं, पुढं घरी कॉम्प्युटर घेऊन दिला, आणि आता ती घरबसल्या लग्नपत्रिका आणि बॅनर करून देत होती.

हातांची भाषा ती शाळेत शिकली. घरात मात्र खुणा कसल्या? जेव, झोप, चहा टाक, दार लाव. संपलं! आईबापाचं तेवढ्यात भागत होतं. तिचं भागतंय का, हे कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर जळकोटहून मारोतीमामा स्थळ घेऊन आले. मामा म्हणजे महामायाच्या आईचे, सरजाबाईचे थोरले भाऊ. मुलगा लातूरचा. सुगत नाव, छापखान्यात कामाला, आणि तोही बहिरा. सगळे खूश! महामायानं मात्र कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत टाइप केलं, "पाहुणे घरी येण्याआधी मी त्याच्याशी बोलणार. बोलल्याशिवाय हो म्हणणार नाही."

पोरीचं बरोबर होतं. पाहुणे पोहे खाऊन गेले की नाही म्हणायला आईबापाची जीभ रेटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग मोबाईलवर बोल की," मामा म्हणाले. अहो, कसं बोलणार? एका हातात मोबाईल धरायचा आणि उरलेल्या एका हातानं बोलायचं, म्हणजे निम्मे शब्द गिळायचे. डब्याला टेकवून ठेवला तर घसरतो, आणि बोटं दिसतात मुंगीएवढी. कॉम्प्युटरपुढं बसलं की पडदा मोठा आणि दोन्ही हात मोकळे.

झालं! आनंदराजच्या अंगात वारं शिरलं. नांदेडहून कॅमेरा आणला, घरात इंटरनेट होतंच. आता पडद्यावर एकमेकांना बघत फुकट बोलायची सोय कोणती घ्यावी, हे तो मोंढ्यात दिसेल त्याला विचारत सुटला. आडतीवरचे मुनीम व्यंकटराव म्हणाले, "हे घ्या, मुकादम. फुकट हाय, अन् आवाज एकदम खणखणीत."

"आवाज घाला चुलीत, मुनीमजी! बोटं दिसतात का तेवढं सांगा."

मुनीमजींनी मोबाईल परत खिशात घातला.

मग परीक्षा सुरू झाली. इकडे आनंदराज, तिकडे जळकोटला पुतण्याच्या लॅपटॉपपुढं मामा. "मामा, बोटं नाचवा!" पहिल्या सोयीत मामांच्या बोटांचं पार पिठलं झालं. दुसरी बरी होती, पण फुकटची वेळ संपली म्हणून मधेच बंद पडली. तिसरी लावली आणि काय सांगावं, बोटंच काय, मामांच्या अंगठीतला खडासुद्धा दिसला! "घावलं!" आनंदराज असा ओरडला की शेजारीपाजारी दारात आले. फुकट होती, वेळेचं बंधन नव्हतं, शिवाय एकाच वेळी तीन घरं बसू शकत होती. म्हणजे मामाही बसणार. मध्यस्थाशिवाय सोयरिकीचं बोलणं होतं का कुठं?

रविवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. महामाया निळा ड्रेस घालून बसली, पाठीमागं आईबाप. पडद्यावर सुगत आला, त्यानं हसून हात वर केले, आणि तेवढ्यात मामांनी घसा खाकरला. गेला सुगत! सगळ्या पडद्यावर मामा. त्या सोयीची रीतच तशी होती. जो बोलेल तो मोठा, बाकीचे कोपऱ्यात तिकिटाएवढे.

"तर मंडळी," मामांनी सुरू केलं, "मुलगी आमची लई गुणाची..."

"मामा, गप बसा जरा!" आनंदराज म्हणाला.

"हाव, बसलो की. मी कुठं बोलून राहिलो?"

पुन्हा मामा. ते बसले होते गोठ्याला लागून, म्हणून मग हंबरली ती मामांची म्हैस. मग खणखणली ती गोठ्यातली बादली. ज्यांना बोलायचं होतं त्यांचा आवाजच नव्हता, आणि यंत्राला हात दिसत नव्हते. तिकडून सुगतची आई म्हणाली, "अवो, मामा लई मोठे दिसून राहिले. पोरगी कुठंय?" महामायाचे हात थांबले. तिनं ते मांडीवर ठेवले आणि बापाकडं पाहिलं.

आनंदराज पेचात पडला. मामांना बाहेर काढावं, तर मध्यस्थ रुसणार आणि सोयरीक मोडली तर खापर आपल्यावर. न काढावं, तर पोरगी न बोलताच उठणार. सरजाबाई कडाडली, "काढा त्याला! माझा भाऊ हाय, मी बघते." आनंदराजनं मामांना काढलं. लगेच तिचा मोबाईल वाजला आणि ती भावाची समजूत घालत अंगणात गेली.

आता दोनच घरं उरली. सुगत पडदाभर झाला आणि महामायाचे हात सुटले! भरभर, गरगर, मधेच टाळी, मधेच कपाळाला हात. सुगतनं काहीतरी विचारलं तर त्याला थांबवून आधी आपलंच पूर्ण केलं. कुणाची तरी नक्कल केली, ती बहुतेक मामांची असावी, कारण सुगत हसून खुर्चीत वाकला. पोरगी लई शांत हाय, असं आनंदराज जगाला सांगत आला होता. अरे, कसली शांत? ही तर पक्की बडबडी होती! त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. एवढं सगळं तिच्या पोटात होतं आणि आपण तिला चहा टाक म्हणत बसलो, याची त्याला लाज वाटली.

बऱ्याच वेळानं सुगतनं निरोप घेतला. महामायानं टाइप केलं, "हो म्हणून सांगा."

"जमलं गं!" आनंदराज अंगणाकडं तोंड करून ओरडला. वळून पाहतो तर खाली आणखी एक ओळ आली होती. "पाहुणे आले की मी गप्प बसणार नाही. मी काय बोलते ते सगळ्यांना बाबांनी सांगायचं. मामांनी नाही."

सांगणार कसं? आनंदराजला तिचं काही कळतच नव्हतं. त्यानं स्टूल ओढलं, लेकीच्या पुढ्यात बसला आणि दोन्ही हात वर धरले, शिकव म्हणून.

महामायानं उजव्या गालावरच्या खळीला बोट लावून ते गोल फिरवलं आणि टाइप केलं, "हे माझं नाव. शाळेत ठेवलेलं."

त्यानं तसंच केलं. चुकलं. तिनं त्याचं बोट धरून नीट जागेवर ठेवलं. त्यानं पुन्हा फिरवलं. या वेळी तिनं दुरुस्त केलं नाही. बापानं हाक मारली होती, म्हणून ती भुवया उंचावून त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसली.